दुमिंगअंकलची हजेरी

दुमिंगअंकल दार वाजवत नसत. दाराला कान लावून उभे राहत.

पहाटे जाग आली की दाराखालच्या फटीत दोन अनवाणी पायांची सावली दिसायची. हलायची नाही. मग अगदी कानाशी बोलल्यासारखा आवाज यायचा, "हाय काय?"

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? एकदा अनुभवून बघा.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. भाईंदरच्या आमच्या फ्लॅटचं रंगकाम काढलं होतं, बायको माहेरी गेली होती, आणि रंगाच्या वासाने माझा दमा उसळतो. म्हणून पंधरा दिवस उत्तनजवळ चौक गावात एका चार खोल्यांच्या लॉजवर राहिलो. लॉज अंकलच्या पुतणीचं, फिलूचं. चहापासून चादरीपर्यंत सगळं अंकल बघायचे. कुणी 'गिऱ्हाईक' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "पावना म्हना, सायब." पहिल्याच संध्याकाळी माझा श्वास ऐकून त्यांनी न सांगता दुसरी उशी आणून दिली.

पण सकाळचा तो चहा! उत्तर दिल्याशिवाय कप मिळत नसे आणि अंकल हलत नसत. एकदा मी नुसताच खोकलो. बाहेरून लगेच, "खोकला न्हाय चालत. नाव सांगा." दोन नंबरमधले गुजराती शेठ तर रोज ओरडायचे, "हाँ बाबा, जिंदा हूँ! चाय दो!" एक नवं जोडपं दुसऱ्याच दिवशी बॅगा उचलून पळालं.

त्याहून वाईट चार नंबर. खोली रिकामी, बाहेरून कुलूप. तिथेही अंकल चहा घेऊन उभे. "हाय काय?" आणि मग थांबणं. एका पहाटे मी दार किलकिलं करून पाहिलं. कपावरची वाफ संपली तरी ते त्या बंद दाराला कान लावून उभेच होते. माझ्या अंगावर काटा आला. मी भित्रा माणूस आहे, लपवून काय करू? त्याच दिवशी फिलूकडे तक्रार केली.

चार दिवसांत खोल्यांत इंटरकॉम बसले. चहा हवा असेल तर नऊ दाबा.

"अंकलला सांगितलाय, उद्यापासून कोनाच्या दारावर जायचा न्हाय," फिलू म्हणाली. मग तिने मला चार नंबरची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी तिथे एक एकटा पाहुणा उतरला होता. सकाळी अंकलनी हाक मारली, उत्तर आलं नाही. झोपलाय, कशाला उठवायचा, म्हणून ते चहा दाराशी ठेवून गेले. दुपारी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत जीव होता.

"तवापासून अंकल चहा दाराशी ठेवत न्हाय," फिलू म्हणाली. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या पहाटे ठरलेल्या वेळी जाग आली. फटीत सावली नव्हती. खरं सांगतो, त्या पायांपेक्षा ती रिकामी फट जास्त भयाण वाटली. उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथेही सामसूम, गॅस पेटलेला नाही. अंकल या वेळेपर्यंत कधीच झोपत नसत. मी चहा टाकला आणि कप घेऊन त्यांच्या मागच्या खोलीशी गेलो. त्या दाराशी आजवर कुणी चहा नेला असेल, असं मला वाटत नाही.

"हाय काय?"

उत्तर नाही. मी दाराला कान लावला. घाईत चपला घालायच्या राहिल्या होत्या, हे पायाखालची फरशी गार लागली तेव्हा कळलं. किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

आतून खोकला आला.

"खोकला न्हाय चालत," मी म्हणालो. "नाव सांगा."

मग हळूच, "दुमिंग हाय, सायब. आत या. दार उघडाच हाय. मी कडी कदी लावतच न्हाय."