सात वाजून आठ मिनिटांचा दिवा

आमच्या घरी वीज आली आणि त्याच दिवशी मला घरात एक कायमची नोकरी लागली. वायरमननं माजघरातल्या दिव्याचा खटका इतका उंच बसवला होता, की तिथं फक्त माझाच हात पुरे. (स्टुलावर चढून माझ्या बायकोचा, गुणमालेचाही पुरला असता, पण विजेला बायकांनी हात लावायचा नाही, असा हुकूम मीच पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सोडला होता.) त्यामुळं रोज संध्याकाळी, वर्तमानपत्रातली लढाई ऐन रंगात आली की आतून हाक यायची, "आवं, उठा, दिवा लावा!"

"खटका जरा खाली तरी घ्या की," बायको म्हणाली. दोन स्क्रूंचं काम होतं. पण मी सांगली स्टेशनात मालाच्या ऑफिसातला क्लार्क. सोपं काम सोप्या रीतीनं करणं आमच्या रक्तात नाही. मी ठरवलं, दिवा रोज आपोआप लागेल आणि आपोआप विझेल.

युक्ती साधी होती. गजराचं घड्याळ वाजू लागलं, की पाठीमागची किल्ली उलटी फिरते. तिला दोरा बांधायचा, दुसरं टोक खटक्याच्या दांड्याला. गजर झाला की दोरा गुंडाळतो, दांडा ओढला जातो, दिवा लागतो. नऊला विझवायला दुसरं घड्याळ, दुसरा दोरा, उलट्या बाजूनं. दोन्ही घड्याळं वर आढ्याजवळच्या फळीवर. घंटेचे हातोडेही मी काढून टाकले, उगाच कलकलाट नको.

"आनि गजराची किल्ली कोन देनार?" गुणमालेनं विचारलं.

"मी. रोज."

"म्हंजे एकदा उठायचं वाचलं, आनि दोनदा चढायचं वाढलं."

शोधकांच्या बायका असंच बोलतात, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाला लागलो. कारण त्याच रविवारी माझी धाकटी बहीण चंदनबाला हिला बघायला आष्ट्याहून आदगोंडा पाटील आणि त्यांचा मुलगा भूपाल येणार होते. याआधी दोन स्थळं मोडली होती. चंदनबाला तोंडानं काही बोलत नसे, पण रविवारी सकाळपासून तिचं तीन वेळा लुगडं बदलून झालं.

आम्हां जैनांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्यात आदगोंडाआबांचा नेम फार कडक; सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. म्हणून मी पंचांग उघडलं, सूर्यास्त पाहिला, सात वाजून आठ मिनिटं, आणि गजराचा काटा तिथं नेऊन ठेवला. काटे हातानं फिरवून चाचणी घेतली, मग घड्याळं स्टेशनाच्या टायमाला बिनचूक लावली.

पाहुण्यांना यायला उशीर झाला. आभाळ गच्च भरलेलं. "भरपूर दिस हाय, निवांत जेवतील," म्हणत गुणमालेनं माजघरात पानं मांडली. आबांनी पुरणपोळीचा पहिला तुकडा मोडून कटात बुडवला, आणि माझा दिवा लागला.

"आरं तिच्या!" भूपाल वर बघत म्हणाला. "कुनी लावला?"

माझी छाती फुगली. "आपोआप! बरोबर सूर्यास्ताला लागतो. पंचांग बघून लावलाय. एका मिनिटाचा फरक नाही!"

आबांचा हात थांबला. "सूर्यास्ताला?"

"बिनचूक!"

आबांनी घास पानात ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "मग आता उद्या सकाळपातूर अन्नपान्याचा त्याग."

ते उठले, म्हणून भूपाल उठला. पाहुणे उठले, म्हणून मला उठावं लागलं. आम्ही हात धुवायला परसात आलो आणि ढग फाटले. सूर्य चांगला कासराभर वर होता.

"दादा," चंदनबाला दारातून हळूच म्हणाली, "घड्याळ नव्या टायमाचं का जुन्या?"

लढाईपायी सरकारनं घड्याळं तासभर पुढं ढकलली होती. रेल्वे नव्या टायमानं चाले, पंचांग जुन्या. सूर्यही जुन्याच टायमाचा.

"आबा, परत बसा की," मी रडकुंडीला आलो.

"तोंडानं त्याग बोललोय, पाव्हनं. आता न्हाई."

त्या दिवशी सूर्याला बुडायची घाई नव्हती. आम्ही तिघं उपाशी त्याच्याकडं बघत बसलो. पोळ्यांचा वास परसापर्यंत येत होता. चंदनबालेचे डोळे भरले, तेव्हा मात्र मला दोन्ही घड्याळांसकट आडात उडी घ्यावीशी वाटली.

शेवटी सूर्य एकदाचा बुडाला. माजघरात बैठक झाली. आबांनी खाकरून म्हटलं, "तर पोरीबद्दल आमचं असं मत हाय, की—"

आणि नऊ वाजले; दुसऱ्या घड्याळानं दोरा ओढला. गुडुप अंधार.

मी दोरा चाचपडत भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला, खटका वाजला आणि उजेड पडला. स्टुलावर गुणमाला उभी होती, तोडलेले दोन्ही दोरे हातात घेऊन.

आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या टेंगळाकडं, आणि पोट धरून हसले.

"पोरगी पसंत," ते म्हणाले. "असल्या भावापाशी अठरा वर्सं काढली तिनं. आमच्याकडं तिला कसलाच तरास वाटायचा न्हाई."