होडीच्या खिशाचा कागद

एव्हारिस्तो पापाचेना स्वतःची ओळख करून देऊ लागले की त्यांची धाकटी बहीण ओलिंपिया पिशवीतून विणकाम बाहेर काढत असे. ओळख संपेपर्यंत मोज्याची एक टाच पुरी होई.

"माझ्यासमोर माणूस शिंकला," ते सांगत, "तर तो कुठल्या गल्लीत राहतो आणि खिडकी कोणत्या दिशेला उघडतो, हे मी रुमाल बाहेर यायच्या आत सांगतो. माझ्या धास्तीने नेपल्समधल्या निम्म्या खिसेकापूंनी रोम गाठलं. उरलेले निम्मे मला रस्त्यात सलाम करतात. गुप्तहेर होता येत नाही, बाई. जन्मावं लागतं."

जन्मल्यानंतरची तीस वर्षं त्यांनी रेल्वे स्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली होती. त्या काळात त्यांनी स्वतः शोधून काढलेली वस्तू एकच, एक काळी छत्री. ती त्यांचीच होती, आणि बाकावर विसरलेही तेच होते. त्यांच्या तपासांच्या वहीत ओलिंपियाने तशी नोंद केली होती, पण हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ म्हटला की इतकं सांभाळून घ्यावं लागतं.

त्या मंगळवारी सकाळी दोघं नेहमीप्रमाणे मोन्तेसाल्वोंच्या दुकानात बसली होती. पुरुषांच्या कोटांचं हे जुनं दुकान. दारातून आत शिरलं की टायांचं कपाट, मग कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि त्याला लागूनच कॉफीचा कोपरा. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने ताटकळू नये म्हणून म्हाताऱ्या मालकांनी तो सुरू केला होता. त्यांचा नियम मात्र कडक असे. माप आधी, कॉफी नंतर. कॉफी पोटात गेली की माणूस छाती काढून उभा राहतो आणि कोट ढगळ होतो, असं त्यांचं म्हणणं. एव्हारिस्तोंना या नियमाची अडचण नव्हती, कारण ते माप कधीच देत नसत. अकरा वर्षांत त्यांनी या दुकानातून एक पायमोज्यांचा जोड घेतला होता, आणि तोही बदलून मागितला होता.

कोपरा साबातिनो सांभाळायचा. साठीचा माणूस, बोटं भाजून भाजून निबर झालेली. एव्हारिस्तोंना चष्मा होता म्हणून तो त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे. दुसरं काही कारण नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, थांबा जरा. अजून गळतेय."

साबातिनोचं कॉफीपात्र जुन्या पद्धतीचं होतं. खाली पाणी, मधे कॉफी, आणि पाणी उकळलं की अख्खं पात्र उलटं करायचं. मग कॉफी थेंब थेंब खाली उतरते. तोवर वास उडून जाऊ नये म्हणून पात्राच्या चोचीवर कागदाचं टोपडं चढवतात. नेपल्समध्ये मूल चालायला लागायच्या आधी हे टोपडं करायला शिकतं, आणि शेजाऱ्याचं टोपडं कसं चुकलंय हे त्याच्याही आधी.

"थांबतो," एव्हारिस्तो म्हणाले. "पण हे टोपडं बघ. कालपासून टिकलंय. तू करतोस ती एकेरी घडी, वाफ लागली की मान टाकते. ही दुहेरी घडी आमच्या आईची. हो ना, ओलिंपिया?"

"हो दादा," ओलिंपिया टाका मोजत म्हणाली.

एवढ्यात मालकीण रेजिनाबाई शिवणखोलीतून बाहेर आल्या. वडील गेल्यापासून तीन वर्षं दुकान त्या एकट्या चालवत होत्या. आज त्यांच्या गळ्यात मापाची फीत उलटी पडली होती, आणि असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबांचा होडीचा कागद गेला," त्या म्हणाल्या.

साबातिनोच्या हातातली बशी थांबली. मोन्तेसाल्वोंचा कोट ओळखू येतो तो छातीवरच्या खिशावरून. सरळ नाही, होडीच्या तळासारखा वर उचललेला. त्याचा तळहाताएवढा नमुना म्हाताऱ्या मालकांनी जाड तपकिरी कागदावर स्वतःच्या हाताने कापला होता, आणि पन्नास वर्षं प्रत्येक खिसा त्यावरूनच बेतला जात होता.

"एखाद्या तयार कोटावरून काढा की," ओलिंपियाने सुचवलं.

"काढले. तीन कोटांवरून तीन काढले, तिन्ही वेगळे. शिवल्यावर कापड किती आत गेलं ते कसं कळणार? चार वाजता न्यायाधीशसाहेब येतायत. रविवारी त्यांच्या नातीचं लग्न आहे आणि त्या रंगाचं कापड एवढंच उरलंय. चुकलं तर दुसरं नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "काल संध्याकाळी तो कागद टेबलाच्या या टोकाला होता. या टोकाला साबातिनोशिवाय कोण असतं? मावसभाऊ वर्षभर मागे लागलाय, कॉफी बंद कर, अत्तरांचं कपाट ठेवू. चारपर्यंत कागद मिळाला नाही, तर मी त्याला हो म्हणणार आहे."

बावीस वर्षं साबातिनो त्या कोपऱ्यात उभा होता. त्याने बशी पुन्हा पुसली. ती आधीच कोरडी होती.

"बाई," एव्हारिस्तो उठून म्हणाले, "तुम्ही योग्य माणसाच्या कॉफीत व्यत्यय आणलात."

त्यांनी ओलिंपियाच्या पिशवीतून भिंग घेतलं, टेबलाखाली गेले आणि डोकं आपटून वर आले. बोटात एक तपकिरी धागा होता.

"समोरच्या फुटपाथवरचा शिंपी. तोच असा धागा वापरतो. माणूस पाठवून त्याने कागद उचलला."

"दादा, तुझ्या कोटाचं तिसरं बटण बघ."

एव्हारिस्तोंनी पाहिलं. तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"म्हणजे त्याने माझाही कोट शिवला होता," ते म्हणाले, "आणि पुरावा पेरून ठेवला. दहा वर्षांपूर्वी. काय दूरदृष्टी."

दुसरी कॉफी पिताना त्यांचा संशय न्यायाधीशांवर गेला. नातीचं लग्न त्यांना पसंत नसावं. कोट नाही, तर लग्नाला जाणं नाही. सरळ आहे.

"नवरामुलगा त्यांनीच शोधलाय," रेजिनाबाई म्हणाल्या.

"मग नक्कीच. स्वतः शोधलेल्या नातजावयाचा पश्चात्ताप सगळ्यात मोठा असतो."

तिसऱ्या कॉफीला घरातल्या छोट्या साधूची पाळी आली. नेपल्सच्या जुन्या घरांतून हा टीचभर साधू राहतो आणि लोकांच्या वस्तू लपवतो. आवडत्या माणसाला तो त्या परतही देतो. साबातिनोने एक बिस्कीट बशीत घालून कपाटामागे ठेवलं. एव्हारिस्तोंनी पाऊण तास त्या बशीवर पाळत ठेवली. शेवटी भूक लागली तेव्हा बिस्कीट त्यांनीच खाल्लं.

"साधू येऊन गेला?" थोड्या वेळाने साबातिनोने रिकामी बशी पाहून आशेने विचारलं.

"तपास चालू आहे," एव्हारिस्तो मिशी पुसत म्हणाले.

साडेतीन वाजले. चार उलट्या कपांनी त्यांनी टेबलावर चार संशयित मांडले होते, आणि चौथा कप साबातिनो होता.

"मला वाईट वाटतं, मित्रा," ते हळू आवाजात म्हणाले, "पण कागद इथे होता, तू इथे होतास. काल संध्याकाळी तू कुठे होतास ते सांग."

"साखर आणायला मागच्या खोलीत गेलो होतो. तुम्हीच म्हणालात ना, साखर ओली झालीय, दुसरी आण. परत आलो तेव्हा पात्र उलटं करून, टोपडं चढवून तुम्ही तयार बसला होतात. म्हणालात, इतका वेळ लावलास, म्हणून मीच केलं."

"बघा," एव्हारिस्तो रेजिनाबाईंकडे वळले. "जागेवर नव्हता. स्वतः कबूल करतोय."

ओलिंपियाच्या सुया थांबल्या. साबातिनो टोपडं नेहमी वर्तमानपत्राचं करायचा, आणि वर्तमानपत्र तो स्वतःच्या काखेत घेऊन फिरायचा. साखर आणायला गेला तेव्हा ते त्याच्याबरोबर गेलं असणार. मग दादाने कागद घेतला कुठून?

तिने चोचीकडे पाहिलं. जाड तपकिरी कागद, आईची दुहेरी घडी. तिला एकाएकी ती काळी छत्री आठवली. मग तिने साबातिनोकडे पाहिलं. तो आपले कप एकेक करून खोक्यात भरायला लागला होता, प्रत्येकाभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळत.

ती उठली. टोपडं उतरवून तिने भावाच्या हातात दिलं.

"दादा, हे उघड."

"आता? वास जाईल."

"जाऊ दे. उघड."

एव्हारिस्तोंनी पहिली घडी उलगडली. कडेला पेन्सिलची वाकडी रेघ दिसली. दुसरी उलगडली, आणि तळहातावर एक छोटी होडी पालथी पडली. तिच्यावर कॉफीचा गोल डाग होता आणि म्हाताऱ्या मालकांच्या अक्षरात एक आकडा.

एव्हारिस्तोंनी सवयीने भिंग वर उचललं.

"जे हुशार चोर असतात," त्यांनी सुरुवात केली, "ते वस्तू सगळ्यांच्या समोर ठेवतात. आणि हा चोर फार..."

इथे ते अडले. घडी कुणाची ते सकाळी त्यांनीच दुकानभर सांगितलं होतं. साबातिनो हातात अर्धा गुंडाळलेला कप घेऊन त्यांच्याकडे पाहत होता, आणि रेजिनाबाई साबातिनोकडे. ओलिंपियाने या वेळी भावाला वाचवलं नाही. ती नुसती उभी राहिली.

एव्हारिस्तोंनी भिंग खाली ठेवलं. चष्माही काढून ठेवला.

"मीच," ते म्हणाले. "टेबलावर पडला होता. मला वाटलं, रद्दी."

रेजिनाबाईंनी कागद घेतला आणि हलकी इस्त्री फिरवली. डाग गेला नाही, होडी मात्र सरळ झाली. इस्त्री टेकवून त्या कोपऱ्याशी आल्या, खोक्यातून एक कप काढला, त्याचं वर्तमानपत्र सोडवलं आणि कप पुन्हा फळीवर ठेवला.

"साबातिनो, मला एक कॉफी," त्या म्हणाल्या. "मावसभावाला मी कळवते."

साबातिनोने उरलेले कप लावले, पाणी चढवलं आणि वर्तमानपत्राचं टोपडं केलं. एकेरी घडीचं. त्या दिवशी त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

चार वाजता न्यायाधीश आले. रेजिनाबाईंनी कच्च्या टाक्यांचा कोट त्यांच्या अंगावर चढवला, छातीवर कागद धरून खडूने रेघ मारली. साहेबांनी नाक वर करून वास घेतला.

"कॉफी कुठे आहे?"

"आधी माप," सगळे एकदम म्हणाले.

घरी जाताना एव्हारिस्तो दोन गल्ल्या मान खाली घालून चालले. तिसऱ्या गल्लीत त्यांची मान थोडी वर आली.

"काही म्हण, ओलिंपिया. वस्तू सापडली. वहीत लिहायला हवं."

त्या रात्री ओलिंपियाने वही काढली. सापडलेल्या वस्तू, दोन, असं तिने लिहिलं. पुढच्या रकान्यात हरवणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. तिथे छत्रीसमोर दादाचं नाव आधीच होतं. तिने त्याखाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि मोज्याची दुसरी टाच घ्यायला बसली.