आण्णांचं चीनमधलं गाव

आण्णा 'आमच्या गावात' म्हणाले की ते चीनबद्दल बोलतायत, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवखा माणूस मात्र हमखास फसायचा. आण्णांचं कोल्हापुरात खेळण्यांचं दुकान, बोलणं अस्सल इथलं, आणि गप्पा अशा: "आमच्या गावात कालव्याच्या कडंनं घरं. दारातनं पाय खाली सोडला की होडी!" समोरचा बिचारा राधानगरीकडे असं गाव कुठं आहे ते आठवत बसायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर आण्णा तिकडे माल आणायला गेले होते. एकदाच, आठवडाभर. तेवढ्यावर त्यांनी पुढे कित्येक वर्षं आमचे कान किटवले.

त्या गावात म्हणे एका गल्लीत घरोघरी छत्र्याच करतात, दुसरीत नुसती बटणं. जुना दगडी कमानीचा पूल गावकरीच राखतात. पुलाशेजारी म्हातारे चहा पीत पत्ते कुटतात, आणि चहात दूध नाही, साखर नाही. आण्णा घरीही तसलाच चहा मागायचे. वहिनी कप आपटून म्हणायच्या, "घ्या, पाला उकळलाय!" आण्णा तोंड वाकडं न करता प्यायचे. रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी "पाणी बरं हाय, पण तसला पूल न्हाय" हा शेरा ठरलेला.

माल मात्र त्यांनी फार थोडा आणला. बाकीचे बाजारात घासाघीस करत होते, तेव्हा हा गृहस्थ शेवटी दोन दिवस गायब! खेळणी आणायला गेलेला माणूस पिशवीभर गूळ घेऊन परतला, म्हणून गल्ली पोट धरधरून हसली. चीनमध्ये गूळ, हेच आधी कुणाला पटेना.

एका संध्याकाळी मी सहज त्या गुळाचं विचारलं. आण्णा दुकानाच्या पायरीवर बसले.

"वासावरनं गेलतो. बघतो तर गुऱ्हाळ! दोन म्हातारं भाऊ. एकजण काहिलीत रस हालवतोय, दुसरा जाळ घालतोय, आन दोघं नुस्तं भांडत्यात. भाषा कळत न्हवती, पण भांडण सगळं कळत हुतं की! उसाच्या कांडीला ऊन ऊन गूळ लावून दिला मला. दोन दिस तितंच बसलो."

मग पहिल्यांदाच त्यांनी घरचं सांगितलं. गारगोटीच्या वाटेवर त्यांच्या खऱ्या गावीही गुऱ्हाळ होतं. धाकटा भाऊ शिवा गूळ करायचा, आण्णा जाळ घालायचे. वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलं आणि आण्णा शहरात आले, ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. चीनला जाऊन आलेला हा माणूस तासाभराच्या वाटेला घाबरत होता. मला फार वाईट वाटलं.

"जाऊ या की," मी म्हणालो.

"आन त्यानं तोंड फिरवलं तर?"

तरी त्या थंडीत मी त्यांना स्कूटरवर घालून नेलंच. शिवा काहिलीवर वाकला होता. आम्हाला पाहून तो क्षणभर थांबला आणि पुन्हा ढवळू लागला. आण्णा पाहुण्यासारखे एका बाजूला उभे राहिले. मी घसा खाकरून पाहिला. यांना उगाच आणलं, असं मला वाटू लागलं.

काहिलीवरची नजर न काढता शिवा खेकसला, "दादा, जाळ उतरलाय. दिसंना व्हय?"

आण्णांनी चपला काढल्या, उसाच्या चिपाडांचा भारा ओढला आणि ते चुलाणापुढं जाऊन बसले.