निजले का, सर?

सोमवारी सकाळी प्रतिभा गेली. प्रतिभा माझी बायको.

त्या दिवसापासून लोक भेटायला येत राहिले. बैठकीत सतरंजी टाकलेली होती. येणारा प्रत्येक जण टेकला की विचारायचा, कसं झालं. मी सांगायचो. सांगता सांगता ती गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या घरची वाटू लागली होती. अशातच एका दुपारी शेजारच्या सिस्टर आल्या. त्यांनी दारात चपला जोडीनं लावल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निजले का, सर?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी माझी खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. मग सतरंजीकडे वळून म्हणाल्या, "चला, उठा आता. भेटायची येळ संपली. पेशंटले आराम करू द्या."

अकोल्याहून आलेले माझे साडभाऊ अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले. बाकीचेही उठले. कोणी रागावलं नाही. आमच्या अमरावतीच्या कॉलनीत सिस्टरचं बोलणं कोणी मनावर घेत नाही आणि कोणी टाळतही नाही.

त्यांचं नाव शकुंतला इंगळे. ते विजेच्या बिलावर छापलेलं असतं, एरवी त्या सगळ्यांच्या सिस्टर. त्यांची नोकरी अकोल्याच्या एका दवाखान्यात झाली, तीही बहुतेक रात्रपाळीत. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाऊ इथं होता म्हणून अमरावतीत आल्या. पुढं भाऊ मुलाकडे पुण्याला गेला. सिस्टर राहिल्या, आणि त्यांनी कॉलनीच्या झोपेकडे लक्ष द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या कुणाला मुलांचे मार्क विचारावेसे वाटतात, कुणाला पगार. सिस्टर झोप विचारतात. खोकला झाला, निजले का. गुडघा दुखतो, निजले का. समोरच्या काकूंची सून नांदायला आली तेव्हा ओवाळणीच्या ताटाशी उभ्या राहून त्यांनी तिला हेच विचारलं आणि ती बिचारी लाजून लाल झाली.

या प्रश्नामागं त्यांचं एक शास्त्र आहे. ते त्यांनी मला गेटपाशी उभं करून कितीदा तरी समजावलं होतं.

"आपल्या आंगात शिपाई असते, सर. दिवसभर गस्त घालते. आपण निजलो की मानेतल्या, काखेतल्या गाठीत जमा होते. तिथं त्याईची शाळा भरते. दिवसा कोन घुसला, त्याचं थोबाड कसं होतं, ते तिथं घोकते. तुमी जागे राह्यले की शाळेले सुट्टी. मंग तोच चोर पुन्हा आला तं हे त्याले रामराम करते."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. ऐकलेलं पडताळून पाहायची खोड जात नाही, म्हणून मी वाचून पाहिलं. शाळा आणि रामराम कुठं नव्हते, पण मुद्दा साधारण तोच होता. शरीराला आपलं घड्याळ असतं, रोगाशी लढणाऱ्या पेशीही त्याच घड्याळावर चालतात, आणि पाहिलेला शत्रू त्यांच्या लक्षात राहतो तो बराचसा आपण झोपलेलो असताना. मी हे सिस्टरना सांगितलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पण रात्री वांग्याचं भरीत खाल्लं की शिपाई सुस्तावतात, याला मात्र आधार सापडत नाही, असंही म्हटलं. "मंग ते पुस्तक अधुरं हाये," म्हणाल्या.

कोरोनाच्या लसीच्या वेळी मनुष्यबळ कमी पडलं म्हणून निवृत्त सिस्टरांनाही बोलावलं होतं. आमच्या सिस्टर रांगेतल्या प्रत्येकाला सुई दाखवायच्या आधी विचारायच्या, काल निजला होता का. "नाई? मंग जा, आज पोटभर नीज, उद्या सकाळी ये. जागरणाच्या आंगात लस म्हंजे डांबरावर बी." रांग मागं सरकायला लागली. डॉक्टर धावत आले. म्हणाले, सिस्टर, मला वरती टार्गेट दाखवायचं आहे. सिस्टर म्हणाल्या, "टार्गेट तुमचं हाये साहेब, दंड तं त्याचा हाये." दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर हात धुवायला लावायचं काम दिलं.

अकोल्याला साडभाऊंच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा प्रतिभानं त्यांना हौसेनं सोबत नेलं. जुन्या शहरातली अरुंद गल्ली, वैशाखातली दुपार, वरात निघायची वेळ. नवरदेव घोड्यावर बसला आणि डीजे वाजेना. शोधाशोध झाली. डीजेवाला आमच्या मिनीबसच्या मागच्या सीटवर डोक्याला ओला पंचा बांधून घोरत होता, आणि सिस्टर बसच्या दारात उभ्या होत्या.

"लागोपाठच्या वराती करून राहिला तो. डोळे पाह्यले का त्याचे? उठवायचा नाई."

"अवो सिस्टर, मंग वरात काय मुक्यानं नेऊ?" नवरदेवाचे काका म्हणाले.

"न्या ना. नवरदेवाले पुढं मुकंच राहा लागते. सवय होऊ द्या."

वरात खरोखरच मुक्यानं गेली. घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या, बायकांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मोर्णा नदीच्या पुलावरून वारा आला तेव्हा कुणाच्या तरी फेट्याचा शेव हलला तोही मला आठवतो. प्रतिभा मला म्हणाली होती, किती छान वाटतं आहे ना, आपण सगळे झोपेत चालतो आहोत असं.

प्रतिभा गेल्यावर मी तसाच चालत होतो, फक्त झोप नव्हती. पडून राहायचो, डोळे मिटायचो, आणि उजाडलेलं कळायचं. दिवसा सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. भिंतीवरचं ऊन सरकताना दिसायचं. कुणी बोललं तर त्याचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. त्यातच एकदा कांदा कापताना बोट कापलं. जखम लहान होती, पण सुकेना. तोंड आलं. खोकला लागला तो जाईना.

सिस्टर रोज दुपारी पट्टी बदलायला येऊ लागल्या. जखम पाहायच्या, चेहरा वाकडा करायच्या. "मलम माह्या हातात हाये, सर. खपली तुमच्या झोपेत हाये." मला सकाळी गच्चीवर उन्हात उभं करायच्या. शिपायांचं घड्याळ उजेडानं लागतं म्हणे. मी उभा राहायचो. उजेड यायचा. झोप यायची नाही.

मग एका दुपारी त्या पट्टी बांधता बांधता थांबल्या आणि कमरेला हात लावून हळूच दिवाणावर टेकल्या. मी विचारलं, काय झालं.

"काई नाई. नागीण उठली."

मी चमकलो. नागिणीबद्दल मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. लहानपणीच्या कांजिण्या अंगात दडून असतात आणि शिपाई थकले की त्या वर येतात.

"सिस्टर, तुम्ही निजता का?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. त्यांनी कात्री पुसली, डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं. कुलरचं पाणी ठिबकत होतं आणि वाळ्याचा वास खोलीभर होता.

"डोळाच नाई लागत माहा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरची गोळी बी घेतली. तसं नाई होत सर ते. ड्युटीवरची सिस्टर तशी निजत नाई. पुढची येते, तिले चार्ज द्या लागते. कोन्या बेडवर कोन हाये, कोनाले काय चालू हाये, सगळं सांगा लागते. ती चार्ज घेतला म्हणते. मंग घरी जाऊन डोळा लागते. आता चार्ज घ्याले कोनी येतच नाई. डोळे मिटले का वाटते, वार्ड उघडा पडला."

मी नोकरीत चार्ज दिला होता, घेतला होता. कपाटं, किल्ल्या, पुस्तकं. माणसांचा कधी घेतला नव्हता.

मी खुर्ची दिवाणापाशी ओढली. "द्या सिस्टर, मला द्या चार्ज."

त्या हसल्या. "तुमाले? तुमी तं पेशंट."

"पेशंट असलो तरी जागाच आहे. द्या."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग सरळ बसल्या, पदर नीट केला आणि त्यांचा आवाज बदलला. तो घरातला आवाज नव्हता.

"समोरच्या काकू. गुडघा. शेक चालू हाये, जिना चढू देऊ नका. रफिकभाई ऑटोवाले. शुगर. दुपारी निंबाखाली ऑटोत निजते, त्याईले सवारीसाठी उठवू द्याचं नाई. कोपऱ्यावरची बाळंतीण. लेकरू रात्री रडते, म्हणून ती सकाळी निजते, तिच्या दाराची बेल वाजवू नका." त्यांनी माझ्या पट्टीची अर्धवट गाठ पुरी केली. "ग्रंथपाल सर. बायको गेली. झोप नाई. बोटाची जखम सुकत नाई. जेवण अर्धं. चहात साखर टाकली का नाई ते त्याईले आठवत नाई. कोनाशी बोलत नाई. लक्ष ठेवा."

माझ्याबद्दल असं कोणी सांगताना मी प्रथमच ऐकत होतो. तो माणूस मला ओळखीचा वाटला, आणि त्याची काळजी वाटली.

"घेतला," मी म्हणालो.

सिस्टर कुशीवर झाल्या, दुखरी बाजू वर ठेवून, हात उशीखाली घेऊन. काही वेळातच त्यांचा श्वास लांब झाला. कॉलनीतले सगळे जिच्यापुढं जांभई लपवत, ती बाई तोंड किंचित उघडं ठेवून निजली होती. बाहेर ऊन पांढरं होतं. कुणीतरी भंगारवाला ओरडत गल्लीत शिरला. मी अनवाणी बाहेर गेलो, ओठांवर बोट ठेवलं, आणि तो हातगाडी हळूहळू ढकलत निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली. जखम पुढं भरून आली, सिस्टरची नागीणही उतरली. हे शिपायांचं काम होतं की आणखी कशाचं, ते मी पडताळून पाहिलं नाही.

प्रतिभा नाही. दुपारी सिस्टर आमच्या दिवाणावर निजतात, आणि तेवढा वेळ मी जागा असतो.