पुढे एक, मागे पाच

भाचीच्या नव्या घराचा चढ सोडला, तर मामांचा ट्रक जगातला कुठलाही चढ चढत असे. निदान मामांचं तसं म्हणणं होतं. मागच्या रविवारी त्यात नुसतं एक कपाट घालून चढावर नेला, तर निम्म्यावर त्याला धाप लागली. दोन उचक्या देऊन तो आल्या वाटेने मुकाट्याने खाली आला. इकडे जुनं घर येत्या रविवारी सकाळी रिकामं करून द्यायचं ठरलं होतं. नवे भाडेकरू पडद्यांची मापंसुद्धा घेऊन गेले होते.

"मामा, एखादा टेम्पो सांगूया का?" भाचीच्या नवऱ्याने चाचरत विचारलं. हा गृहस्थ एका कचेरीत हिशेबनीस होता आणि गाडीच्या बाबतीत त्याला फक्त दार उघडता येत होतं.

"टेम्पो? माझ्या भाचीचं सामान टेम्पोतून? मी काय मेलोय का?"

"तसं नाही मामा, पण गाडीला जोर..."

"जोर इंजिनात नसतो जावईबापू, मागच्या ॲक्सलमध्ये असतो! तिथले गिअर बदलू द्या, चढच काय, ही गाडी भिंत चढेल भिंत!"

"भिंतीवर नका नेऊ," मामी आतून म्हणाल्या. "परवाच रंग दिलाय."

तरुणपणी मामांना वेगाची हौस होती, म्हणून त्यांनी ॲक्सलमध्ये पळणारे गिअर बसवून घेतले होते. पुढे मामांची हौस उतरली, पण गिअर तरुणच राहिले. आता त्यांच्या जागी सावकाश आणि नेटाने ओढणारी जोडी टाकायची होती. जोडी म्हणजे क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. क्राउन ज्या लोखंडी पिंजऱ्यावर बोल्टने आवळतात, त्याला कॅरियर म्हणतात. सगळं रामायण या पिंजऱ्याने घडवलं.

जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात मामा छाती काढून शिरले.

"जुना कॅरियर आणलाय का मामा?" दुकानदाराने विचारलं.

"कशाला?"

"ओळखायला. तुमच्या गाडीला दोन प्रकारचे कॅरियर येतात. बाहेरून सख्खे जुळे. पण क्राउन बसतो ती कड एकात आत असते, दुसऱ्यात बाहेर. पळणाऱ्या गिअरना एक लागतो, ओढणाऱ्यांना दुसरा."

"माझ्या गाडीचा कॅरियर मला ओळखायला शिकवतोस? घरी जाताना मी बायकोचा फोटो खिशात ठेवतो का, ओळख पटवायला?"

"मामींची जुळी बहीण नाहीये मामा. कड मोजून तरी बघा."

"मोजायचं काय त्यात? तू जोडी दे. कॅरियर आहे तोच चालेल, मी सांगतोय ना!"

दुकानदाराने गिऱ्हाइकाशी वाद न घालण्याचं आपलं धोरण पाळलं आणि जोडी बांधून दिली. मग दुकान बंद करून तो आठवडाभरासाठी सासुरवाडीला निघून गेला.

रविवारी उजाडता उजाडता भाचीच्या जुन्या दारात ट्रक जॅकवर उभा होता आणि मामा त्याच्या खाली आडवे होते. ॲक्सलमधलं काळं तेल मामींच्या कपडे भिजवायच्या टबात निथळत होतं. मामींना हे अजून कळलेलं नव्हतं. मामांनी जुन्या कॅरियरवर नवा क्राउन आवळला, पिंजरा जागेवर बसवला, बॅटरी मारून पाहिलं आणि त्यांचं शिट्टी वाजवणं थांबलं.

क्राउन आणि पिनियन एकमेकांना शिवतच नव्हते. मामांनी मधल्या फटीत एक बोट घातलं, मग दुसरं घातलं. दोन्ही ऐसपैस मावली.

"काय झालं?" मामींनी वाकून विचारलं.

"काही नाही. दोघं जरा लांब बसलेत."

"नवं नवं आहे. लाजत असतील."

"अगं, चेष्टा सुचतेय तुला! हे भेटले नाहीत तर चाकं फिरणार कशी?"

तेवढ्यात नवे भाडेकरू सामानासकट येऊन थडकले. त्यांचा सोफा ट्रकच्या मागे रस्त्यात उतरला आणि त्यावर त्यांच्या घरातले आजोबा स्थानापन्न झाले. भाची रडकुंडीला आली. पलंग, पिंप, फ्रिज सगळं ट्रकमध्ये चढलेलं होतं, आणि ट्रक जॅकवर.

"मामा," हिशेबनीस खाली वाकून म्हणाला, "पिंजरा उलटा बसवला तर? म्हणजे डावीकडचं उजवीकडे?"

मामांनी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मग पिंजऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे, पण या वेळी जरा निराळ्या नजरेने. पिंजरा बाहेर आला, फिरला, आत गेला. फट नाहीशी! दाताला दात असा लागला की मामांनी ट्रकखालून आरोळी ठोकली आणि बाहेर येऊन तेलकट हातांनी जावयाला मिठी मारली. हिशेबनिसाचा पांढरा शर्ट त्या दिवशी कामातून गेला, पण छाती दुप्पट झाली.

जॅक निघाले. मामी शेजारी बसल्या. मामांनी हॉर्न वाजवून पहिला गिअर टाकला आणि ट्रक जोमाने निघाला. मागे. सोफ्यावरचे आजोबा तरण्या पोरासारखे उडी मारून बाजूला झाले.

"अहो, पुढे! पुढे घ्या!"

"पुढेच घेतोय!" मामांनी ब्रेक दाबून दुसरा टाकला. ट्रक मागेच, पण जास्त उत्साहाने.

"अहो, रिव्हर्स टाकून बघा."

"मला गाडी शिकवतेस?"

"शिकवत नाही. विनवतेय."

मामांनी रिव्हर्स टाकला. ट्रक शहाण्यासारखा पुढे सरकला. मागे उभ्या असलेल्या हिशेबनिसाने ताळेबंद जाहीर केला, "पिंजरा उलटा, तर चाकंही उलटी! म्हणजे पुढे जायला एक आणि मागे जायला पाच!"

पण तो एक काय होता! ट्रकचा रिव्हर्स मुळातच दमदार, त्यात नवी जोडी. ट्रक चढाला भिडला. रिव्हर्सला जोडलेला बोलका हॉर्न मंजूळ बायकी आवाजात ओरडू लागला, "सावधान! गाडी मागे येत आहे!" मागून येणारे सैरावैरा पळाले, समोरचे मात्र निर्धास्तपणे रस्त्याच्या मधोमध उभे. मामा खिडकीतून ओरडत होते, "बाजूला व्हा! ती खोटं बोलतेय!"

वळणावरच्या पोलिसाने हात दाखवला. "काय हो, गाडी मागे येतेय म्हणता आणि जाताय पुढे?"

"साहेब, थांबलो तर खरंच मागे येईल!" मामा म्हणाले. पोलीस ताबडतोब बाजूला झाला.

मागच्या रविवारी धाप लागली होती ती जागा आली. मामींनी डोळे मिटले. भाची आणि हिशेबनीस ट्रकमागून चालताना उगाचच ढकलल्यासारखे हात पुढे करू लागले. ट्रक गुरगुरला, पण थांबला नाही. मुंगीच्या चालीने, पलंग, पिंप, फ्रिजसकट तो थेट नव्या फाटकात जाऊन उभा राहिला. चढावरच्या घराघरातून लोक बाहेर आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी आधी सलाम केला आणि मग त्या खोटारड्या हॉर्नची वायर उपटली.

चढावर सामान आणणारी गाडी सापडली ही बातमी आळीभर झाली. कुणाची पाण्याची टाकी, कुणाचं सिमेंट, कुणाच्या सासूबाईंची खाट. आठवडाभर मामा रिव्हर्स टाकून पुढे जात होते आणि पहिला टाकून मागे येत होते. त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता.

सासुरवाडीहून परतलेल्या दुकानदाराने ट्रकखाली डोकं घातलं आणि कपाळ बडवून घेतलं.

"मामा, दात उलट्या अंगाने झिजताहेत! अजून आठवडा चालवलीत तर भुगा होईल. मी म्हणालो होतो ना, कॅरियर दुसरा लागेल?"

"चढली की नाही पण?"

"चढली. आता सरळ चढू द्या."

त्याने कड मोजून बरोबर कॅरियर आणला, भाचीच्या दारातच स्वतः बसवला आणि हात पुसत उभा राहिला. सगळी आळी जमली. मामा ऐटीत चढून बसले. समोर मोकळा रस्ता, मागे भाचीचं नवं कोरं फाटक. मामांनी आठवडाभराच्या सफाईने रिव्हर्स टाकला आणि झोकात क्लच सोडला.

फाटक फार आवाज न करता आडवं झालं.

भाचीने डोक्याला हात लावला. मामा शांतपणे खाली उतरले. त्यांनी फाटक पाहिलं, वाकून ॲक्सल पाहिला आणि दुकानदाराच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले. "कॅरियर ओळखायला चुकलास तू."