एकेचाळिसावा प्रश्न

"हे दोरीला नारिंगी काय बांधलंय?"

"फ्लोट, बाबा. तो बुडला की मासा लागला."

"आणि मासा नुसताच खेळत असला तर?"

सिएटलजवळच्या बॉथेलहून निघाल्यापासून मनोहररावांचा हा एकोणचाळिसावा प्रश्न होता. मनोहरराव मालवणचे. तिथल्या बाजारात त्यांनी उचललेल्या माशाशेजारचा मासा लोक डोळे झाकून घेत. त्यांचा जावई श्रीरंग मात्र शाकाहारी घरातला, लग्नानंतर मासे खायला शिकलेला. त्याच्याविषयी सासऱ्यांचं मत अकरा वर्षं एकच होतं: 'माणूस सोन्यासारखा, पण मासा कळत नाही.'

हे मत बदलावं म्हणून श्रीरंग तीन हिवाळे या नदीकाठी उभा राहिला होता आणि सर्दीखेरीज त्याने काहीही पकडलं नव्हतं. सोमवारी सासऱ्यांचं परतीचं विमान होतं. आज शनिवार. घरी त्याची बायको विनीता वाटण तयार ठेवून बसली होती.

"इथे मिळतो तो सॅमनच ना?"

"आत्ता सीझन स्टीलहेडचा आहे. सॅमनचा चुलतभाऊ समजा. हाही समुद्रात जाऊन नदीत परत येतो."

"चुलतभाऊ म्हणजे चवीची वाटणी झालीच असणार," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "या चित्रातल्या माशाच्या शेपटीजवळच्या छोट्या पराभोवती गोल का काढलाय?"

"सांगतो हं, ते फार इम्पॉर्टंट..."

फ्लोट बुडला. पुढची दहा मिनिटं कुणीच कुणाला काही विचारलं नाही. अखेर हातभर लांबीचा चंदेरी मासा काठाजवळच्या जाळीत आला. श्रीरंगने त्याची पाठ पाहिली आणि तो अक्षरशः नाचला.

"हा आपला, बाबा! जाळी पाण्यातच धरा. पकडलेल्या माशाची परवान्याच्या कार्डावर लगेच नोंद करावी लागते, कार्ड गाडीत राहिलंय. आलोच!"

मनोहररावांनी सवयीने कल्ले उघडले. लालभडक. डोळा स्वच्छ. मग त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं आणि ते थबकले. शेपटीजवळचा छोटा पर मुळातूनच कापलेला होता.

श्रीरंग धापा टाकत परतला तेव्हा जाळी रिकामी होती.

"परत केला," मनोहरराव शांतपणे म्हणाले. "खोट होती त्यात. पर कुणीतरी आधीच कापून नेलेला. असला माल मी मालवणात घेतला नाही, तो अमेरिकेत काय म्हणून घेऊ?"

श्रीरंगने कार्ड खिशात घातलं. त्याला रडावंसं वाटत होतं, पण सासरे जाळी सरसावून पुन्हा उभे होते. तासाभराने दुसरा मासा लागला. पहिल्याहून मोठा, सगळे पर शाबूत.

"हा बघा अस्सल!" मनोहरराव ओरडले.

श्रीरंगने पाण्यातच गळ काढला आणि मासा सोडून दिला.

"अहो, काय केलंत!"

"पर असलेला जंगली, बाबा. तो घ्यायला बंदी आहे. सरकार हॅचरीत वाढवतं त्या पिल्लांचा तो छोटा पर कापून मग नदीत सोडतं. कापलेला असला तरच घरी न्यायचा. म्हणून तो गोल."

मनोहररावांनी नियमांचं पुस्तक पुन्हा उघडून तो गोल नीट पाहिला. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. तेवढ्यात विनीताचा फोन आला. श्रीरंग उचलणार, तोच त्यांनी तो हातातून घेतला.

"मिळाला होता गं. यांनी बरोबर पारखला, मी सोडला. वाटणात अंडी घाल."

पलीकडून विनीताने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. वडिलांकडून असलं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

आठवड्याने श्रीरंग ऑफिसच्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये असताना मालवणच्या सकाळच्या बाजारातून फोटो आला. मनोहररावांच्या हातात लांबलचक सुरमई, आणि खाली मजकूर: 'श्रीरंगराव, पर सगळे शाबूत आहेत. घेऊ की सोडू?'

सुरमई आणि बांगडा यांतला फरक श्रीरंगला अजूनही ताटात वाढल्यावरच कळत असे. पण त्याने फोटो मोठा करून नीट पाहिला आणि उत्तर पाठवलं, 'आधी कल्ले दाखवा.'