अण्णांच्या भाषणामागची घरघर

वडिलांना त्यांची चूक पटवून देण्याइतका आतबट्ट्याचा धंदा जगात दुसरा नाही. फ्यूजने तो एका रिकाम्या दुपारी सुरू केला.

फ्यूज हे त्याचं नाव नव्हे, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दिलेला किताब. लहानपणी तो इस्त्रीच्या आत काय असतं ते बघायला गेला आणि अख्ख्या इमारतीचा उजेड घालवून बसला, तेव्हापासूनचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडल्यावर किताब कायम झाला. ("हात लावीन त्याचं वाटोळं," अशी अण्णा त्याची ओळख करून देत. परक्यांना. चहाच्या आधी.)

अण्णांचं लाडकं अपत्य वेगळंच होतं: त्यांचं निवृत्तीच्या दिवशीचं भाषण. टेपवरून ते कॉम्प्युटरवर आलं होतं, आणि तिथून एका स्वस्तातल्या ऑडिओ कन्व्हर्टरमधून जुन्या स्पीकरवर दर रविवारी वाजत असे. कन्व्हर्टर म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणं एवढंच तिचं काम. पण भाषणामागे सतत घर्रर्र चाले.

"जुनी टेप, घरघर असणारच," अण्णा म्हणत. "पण सभागृह बघ! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. साहेब तर डोळे मिटून ऐकत होते."

फ्यूजला भाषणात काडीचा रस नव्हता, घरघरीत होता. भाषण बंद असतानाही ती चालूच, म्हणजे टेपचा संबंध काय? त्याने डबीचा अडॅप्टर काढून बॅटरी जोडली. घरघर गायब. पुन्हा अडॅप्टर लावला. हजर!

"अण्णा, टेप निर्दोष आहे. अडॅप्टर गचाळ वीज देतोय."

"वीज ती वीज. गचाळ आणि ताजी असायला ती काय भाजी आहे?"

"बॅटरीवर घरघर येत नाही."

"मग बॅटरी बिघडवली असशील."

(चाळीस वर्षं खुर्चीत बसलं की माणसाला सगळं कळतं. त्यासाठी काही माहीत असावं लागत नाही.)

पण अण्णांचे जुने सहकारी कॅशियरकाका रविवारी भाषण ऐकायला येणार होते. अण्णांनी पैज लावली. "तोवर घालवून दाखव. दुकानाला बाहेरची खोली तुझी. नाही जमलं, तर मुकाट्याने मामाच्या गोदामात पोती मोजायला जायचं."

बाहेरच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकायचं, हे फ्यूजचं जगातलं एकमेव स्वप्न. तो कामाला भिडला. मोडक्या रेडिओतून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर काढला, विजेचे चढउतार गाळून सपाट करणारे जाडजूड कपॅसिटर आणले, आणि हा सगळा संसार आईच्या पिठाच्या डब्याला भोकं पाडून आत बसवला. डबी मुठीत मावणारी. तिला वीज पाजणारा डबा दोन्ही हातांनी उचलावा लागे.

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला," आई म्हणाली. "वर डबा माझा!"

जुन्या अडॅप्टरच्या पोटात नेमकं काय घुरघुरतं हे न बघता झोप येईना, म्हणून फ्यूजने तो हातोडीने फोडला. नव्या डब्यावर डबी लावून स्पीकरला कान लावला. शुकशुकाट! (भाषण लावून बघावं हे त्याला सुचलंही नाही. आपखुशीने ते कोण लावेल?)

रविवारी कॅशियरकाका सोफ्यावर बसले. अण्णांनी घसा खाकरला, जणू आता त्यांनाच बोलायचंय. फ्यूजने बटण दाबलं.

"मान्यवरहो," अण्णांचा आवाज घुमला. मागे एक कणही घरघर नाही. अण्णांचे डोळे लकाकले. खोली मिळालीच, असं फ्यूजला वाटलं.

तेवढ्यात स्पीकरमधून अगदी जवळून कुणीतरी कुजबुजलं.

"हे काय?" अण्णा पुढे झुकले. "वाढव जरा."

फ्यूजने आवाज वाढवला. त्या दिवशी टेपरेकॉर्डर आईच्या मांडीवर होता आणि शेजारी कॅशियरकाका, हे सगळेच विसरले होते.

"वहिनी, दार बाहेरून लावलंय का हो?"

"आत्ता कुठे पहिलं पान झालंय, भाऊजी. मला पाठ आहे सगळं. आता 'सचोटी' येईल बघा."

"सचोटी!" टेपवरचे अण्णा गरजले.

कॅशियरकाका कपातल्या चहात काहीतरी शोधू लागले. मागून आता लयीत घोरणं ऐकू येत होतं.

"हे कोण?" अण्णांचा आवाज बारीक झाला.

"साहेब," आई म्हणाली. "डोळे मिटून ऐकतायत."

"बंद कर रे ते!"

"थांब रे, राहू दे," आई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "पुढे मी काय म्हटलंय, ऐकू दे तरी!" इतक्या वर्षांत भाषण तिने पहिल्यांदाच मन लावून ऐकलं.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पूर्वीसारखं कर."

"म्हणजे?"

"घरघर परत आण."

"अण्णा, पैज घरघर घालवायची होती!"

"आता आणायची आहे. घरघर आली की खोली."

जुना अडॅप्टर वाटीत तुकडे होऊन पडला होता. फ्यूजने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टाकाऊ अडॅप्टर गोळा केले. एकजात सगळे सज्जन निघाले, एकही घुरघुरेना. शेवटी त्याने नव्या डब्यातला एक कपॅसिटर उपटला. डबी उचक्या द्यायला लागली. अण्णा अर्ध्या वाक्यात बंद पडत, आणि नेमके साहेब घोरताना ती चालू होई.

"उद्या मामाला फोन कर," बाहेरच्या खोलीला कुलूप घालत अण्णा म्हणाले. "जन्मभर हात लावलास त्याचं वाटोळं केलंस. आज पहिल्यांदा बापाने आपण होऊन सांगितलं, बाबा रे, बिघडव. तर तेही येईना तुला!"